विहिरीतली बाई आणि माझी पोटरी

समस्त वाचकांस अत्यंत गांभीर्यानं कळवण्यात येतं की, एका दुष्काळी उन्हाळ्यात माझी डावी पोटरी उजवीपेक्षा जाड झाली, आणि या ऐतिहासिक घटनेची दखल घरात कुणीही घेतली नाही. मीसुद्धा नाही.

टँकरच्या मागं स्कूटर दामटताना मी पडलो होतो. डाव्या मांडीत सळई घालून डॉक्टरांनी घरी धाडलं. आमची कॉलनी बीड बायपासच्या पलीकडची, नवीकोरी. नळ होते, पाणी नव्हतं. बेडपॅन धुवायला बादली लागते, म्हणून मी पाणी पिणंच कमी केलं. भेटायला येणारे म्हणत, "काय समजूतदार पेशंट आहे!"

एका दुपारी कुणीतरी छातीवर येऊन बसलं. दिसत नव्हतं, पण वजन होतं. श्वास अर्ध्यावरच अडू लागला. खोलीत मी एकटा नाही, अशी खात्रीच झाली.

पैठणहून सेवेला आलेल्या आत्यानं निदान केलं. "विहीर बुजवून घरं बांधलीत. तिच्यातली बाई हाय ही." तिनं लिंबू उतरवलं.

"बाईचं नंतर बघू," बायको म्हणाली आणि तिनं अ‍ॅम्ब्युलन्स बोलावली.

दवाखान्यातल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी बोटाला ऑक्सिजन मोजायचा चिमटा लावला. आकडा बघून त्यांचा चेहरा बदलला. मग चादर उचलून त्यांनी टेपनं माझ्या दोन्ही पोटऱ्या मोजल्या.

"दुखतंय छातीत, अन् ही शिंप्यावानी पाय मोजतीय!" आत्या पुटपुटली.

छातीचा स्कॅन ठरला. शिरेतून औषध सोडताच अंगभर ऊन लाट पसरली. त्या उन्हाळ्यातली माझी तेवढीच गरम पाण्याची आंघोळ. पण मशीनमध्येही ती बाई छातीवरून उठली नाही.

डॉक्टरीणबाईंनी फिल्म उजेडाला धरली. फुप्फुसातल्या पांढऱ्या रक्तवाहिनीत एक काळा तुकडा होता. "डाव्या पायात रक्ताची गाठ झाली, म्हणून ही पोटरी सुजली. हाड मोडलेलं, पडून राहिलेले, त्यात पाणी कमी. ती गाठ सुटून इथं येऊन अडकली."

आता तिला आकार होता. मला जास्तच भीती वाटली.

"वाचतील ना?" बायकोनं विचारलं.

"वेळेत आणलंत. रक्त पातळ करायचं इंजेक्शन सुरू केलंय. गाठ वाढणार नाही. आहे ती हळूहळू विरघळेल."

बायको स्टुलावर टेकली. आत्या मात्र माझ्या छातीकडे टक लावून बघत होती. सगळ्या वॉर्डाला ऐकू जाईल अशा आवाजात ती म्हणाली, "म्हंजी अजून आतच हाय व्हय ती?"