भावाला लेख कळला नाही म्हणे

शुक्रवार पेठेत माझं इलेक्ट्रिकच्या सामानाचं दुकान आहे. वायर, बटणं, होल्डर, पंखे. लिहिणं हा माझा धंदा नव्हे. पण सोलापूरच्या बातम्यांची एक छोटी वेबसाइट चालवणारा माणूस आमचं जुनं गिऱ्हाईक आहे, आणि तो दर रविवारी गावातल्या कुणाकडून तरी एखादी आठवण लिहून घेतो. गेल्या उन्हाळ्यात तो पंख्याचा कंडेन्सर बदलायला आला आणि म्हणाला, "तुम्ही गिऱ्हाइकाला बसवून गोष्टी सांगता, त्यातली एक लिहा की." पंधरा दिवस मी नाही म्हणत राहिलो. मग एका दुपारी, बाहेर रस्ता उन्हानं मोकळा पडलेला असताना, जुन्या कॅटलॉगच्या मागच्या कोऱ्या पानांवर लिहायला बसलो.

लिहिलं ते मी कुणालाच सांगितलेलं नव्हतं. बायकोलाही नाही.

लेख थोडक्यात असा : मी पंढरपूरजवळच्या करकंबचा. बारावीनंतर डिप्लोमासाठी सोलापूरला आलो आणि हॉस्टेलवर राहिलो. घरातून शिकायला बाहेर पडलेला मी पहिलाच. वडील लवकर गेले, तेव्हा माझ्याहून नऊ वर्षांनी थोरल्या असलेल्या भावानं शाळा सोडून रान बघायला घेतलं, म्हणून मला बाहेर पडता आलं. पहिल्याच हिवाळ्यात तो आईनं जुन्या लुगड्यांची शिवलेली वाकळ घेऊन मला भेटायला आला. भाऊ मळका सदरा घालून दारात उभा होता. मी त्याच्यासमोर, माझ्या मागं खोलीतली तिघं पोरं पत्ते खेळत होती. एकानं विचारलं, "कोण आलंय रे?" मी म्हणालो, "गावाकडचे आहेत. सामान पोचवायला आलेत."

भाऊ असं म्हणालो नाही. भाऊ दोन हातांवर होता. त्यानं वाकळ माझ्या हातात दिली, म्हणाला, "निघतो, एस्टीची वेळ झाली." आणि गेला.

लेख मी तिथंच संपवला होता. शेवटचं वाक्य एवढंच होतं : एस्टीला अजून दीड तास होता.

रविवारी सकाळी तो छापून आला, म्हणजे वेबसाइटवर लागला. दुपारपर्यंत लेखाखाली माणसांची रीघ लागली. सुरुवातीला सगळे छान, सुंदर, डोळे पाणावले असं लिहीत होते. मी जेवताना मोबाइल ताटाशेजारी ठेवला होता, बायको बघून न बघितल्यासारखं करत होती. लेख तिनं सकाळीच वाचला होता आणि एवढंच म्हणाली होती, "हे आधी त्यांना सांगायचं होतं, मग लोकांना."

संध्याकाळी वाद सुरू झाला. एकानं लिहिलं, "असा भाऊ असण्यापेक्षा नसलेला बरा." त्याला दुसऱ्यानं उत्तर दिलं की लेखक स्वतःची चूक कबूल करतोय, एवढी हिंमत किती जणांत असते. तिसरा म्हणाला, कबुलीबिबुली काही नाही, कबुली देऊन टाळ्या मिळवायची ही नवी पद्धत आहे. हे वाक्य मला लागलं, कारण दुपारी जेवताना मी टाळ्याच मोजत बसलो होतो. मग नावाखाली 'निवृत्त प्राध्यापक' असं लिहिलेले एक गृहस्थ आले. त्यांचं म्हणणं, लेख भावाबद्दल नाहीच. वाकळ म्हणजे तुटत चाललेलं एकत्र कुटुंब, आणि ती दारातच स्वीकारणं म्हणजे शहरानं खेड्याला उंबऱ्याबाहेर ठेवणं. त्यांनी हे तीन परिच्छेदांत लिहिलं होतं, आणि वाचून मलाच वाटलं की आपण फार मोठं काही लिहून गेलो.

टेंभुर्णीच्या एका बाईंनी लिहिलं, "माझे वडील मला भेटायला यायचे तेव्हा असेच लवकर निघायचे. आपल्यामुळं पोरीला अवघडायला नको म्हणून. तुमचा भाऊ रागानं गेला नसेल." त्यांच्याशीही दोघं-तिघं भांडले. राग नव्हता तर दीड तासाचा उल्लेख कशाला, असं त्यांचं म्हणणं. त्या बाईंनी पुन्हा उत्तर दिलं नाही. पण ज्यानं नसलेला भाऊ बरा म्हटलं होतं, त्यानंच मध्यरात्रीच्या आसपास कधीतरी त्यांच्याखाली लिहिलेलं मला सकाळी दिसलं : "ताई, मी माझ्या बहिणीच्या लग्नाला गेलो नव्हतो. म्हणून जास्त बोललो." त्यानंतर त्याच्यावरचा माझा राग गेला.

सोमवारी दुपारी मी दुकानात होतो. एक गिऱ्हाईक दोन बटणं हातात घेऊन कुठलं चांगलं ते विचारत होतं. तेवढ्यात नवीन मजकूर आल्याचा आवाज झाला. फोटोच्या जागी कपाळावर पांढरा टिळा असलेलं वासरू होतं, नावाच्या जागी नुसतं 'शेतकरी'. लिहिलं होतं :

"लई ताणताय तुमी. एस्टीला दीड तास हुता हे खरं हाय. पन त्यो रुसून न्हाय गेला. त्याला मंडईत काम हुतं. बैलासाठी कासरा घ्यायचा हुता."

प्राध्यापकांनी पाच मिनिटांत उत्तर दिलं. "आपण मूळ लेख पुन्हा एकदा नीट वाचावा. लेखात मंडईचा किंवा कासऱ्याचा उल्लेख कुठेही नाही."

"उल्लेख न्हाय. पन कासरा घेतला."

"लेखकाला जे सांगायचं आहे ते त्या भावाच्या मौनात आहे. आपल्याला लेख कळलेला नाही असं नम्रपणे सुचवतो."

"त्यो गप न्हवता. निघतो म्हनला की."

मध्येच कुणीतरी विचारलं, "काका, तुम्ही होता का तिथं?"

"हुतो की."

त्याखाली हसण्याची चित्रं पडली. एकानं लिहिलं, "आता इथे सगळेच साक्षीदार."

मी बटणं गिऱ्हाइकाच्या हातात तशीच ठेवून खुर्चीत बसलो. कासऱ्याची गोष्ट मला माहीत नव्हती. पण ते वासरू मी दिवाळीत करकंबला बघितलं होतं, आणि भाऊ कसा बोलतो हे मला कुणी सांगायला नको होतं. त्याला लेखाबद्दल मी एक शब्द बोललो नव्हतो. त्याच्या धाकट्या सुनेनं कुणाकडून तरी आलेला वाचून दाखवला असणार, आणि खातंही तिनंच उघडून दिलं असणार.

मी लिहिलं, "हा माझा भाऊ आहे." मग खोडलं. पुन्हा लिहिलं, पुन्हा खोडलं. ते टाकलं असतं तर लोक त्याच्यावर तुटून पडले असते, हात जोडले असते, माफीचे व्हिडिओ करा म्हणाले असते. आणि तो तर नाव झाकून आला होता. फोन केला तर उचलला, पण म्हणाला, "रानात हाय. पान्याची बारी हाय माझी. नंतर बोलू," आणि ठेवला.

घरी येऊन बायकोला सांगितलं. ती अक्कलकोटकडची, वैतागली की कानडीत बोलते. "बिड्री," म्हणाली, "सोडा आता. मोबाइल ठेवा तो. उद्या जाऊन या."

दुसऱ्या दिवशी दुकान बंद ठेवून टेंभुर्णीला गाडी बदलून करकंबला गेलो. भाऊ गोठ्याच्या सावलीत वैरण कापत होता. मला बघून आश्चर्य वाटल्यासारखं काही केलं नाही. वहिनींनी चहा आणून ठेवला आणि त्या आत गेल्या. त्यांनाही ठाऊक होतं, हे त्यांच्या जाण्यावरून कळलं.

"अण्णा," मी म्हणालो, "तू कशाला लिहिलंस तिथं?"

"लोक तुला शिव्या घालत हुते."

"घालू दे की. मी त्या लायकीचं वागलोच होतो."

"वागला हुता. पन म्हून त्यांनी घालायच्या व्हय?" तो वैरण कापायचा थांबला नाही. "त्यांचा काय संबंध?"

मग बत्तीस वर्षं जे विचारायचं होतं ते विचारलं. "तुला ऐकू आलं होतं ना, मी काय म्हणालो ते?"

"आलं की. दोन हातावर तर हुतो."

"आणि वाईट वाटलं नाही असं तू लोकांना सांगतोस."

आता तो थांबला. "वाईट वाटलं न्हाय असं मी कुटं म्हनलो? रुसून गेलो न्हाय म्हनलो. काढ मोबाइल, बघ."

मी काढला नाही. मला आठवत होतं, त्यानं तसंच लिहिलं होतं. माझ्यासकट सगळ्यांनी ते चुकीचं वाचलं होतं.

"वाईट वाटलं," तो म्हणाला. "मंडईपातूर वाटलं. मग कासरा बघाया लागलो. त्यो दुकानदार लबाड हुता, त्याच्याशी घासाघीस करता करता डोस्क्यातनं गेलं. घरी आलो तवा आय इचारती, कसं हाय पोरगं. म्हनलं, बरं हाय, मैतर झाल्यात त्याला. तेबी खरंच हुतं."

त्यानं चहाची बशी माझ्याकडं सरकवली.

"त्या लेखात एक चूक हाय पन," तो म्हणाला. "तेवढी मातूर दुरुस्त कर."

"कुठली?"

"तू लिवलंय मळका सदरा. भाऊ मळका सदरा घालून दारात हुबा हुता, असं." तो पहिल्यांदाच माझ्याकडं नीट बघून बोलला. "सदरा नवा हुता. तुझ्याकडं यायचं म्हून शिवला हुता. पंढरपुरात टाकला हुता शिंप्याकडं, आठ दिस आधी."

मी आठवायचा प्रयत्न केला. दार आठवलं, वाकळीचा वास आठवला, पत्ते पिसल्याचा आवाज आठवला. सदरा आठवेना. मळकाही नाही आणि नवाही नाही. लिहिताना तो शब्द आपोआप आला होता. शेतातून आलेल्या माणसाचा सदरा मळका असणार, असं माझ्या हातानं माझं मीच ठरवून टाकलं होतं, पन्नाशी उलटल्यावर, पश्चात्ताप म्हणून लिहायला बसलो असताना. हॉस्टेलच्या दारात मी घाबरलेला पोरगा होतो. ते एखाद्यानं समजून घेतलं असतं. लेखात लिहिलं त्याला ती सबबही नव्हती.

"चुकलं, अण्णा," मी म्हणालो.

"व्हय. तेवढंच चुकलंय," तो म्हणाला. "बाकी चांगलं लिवलंय. वाकळंचं तर लई चांगलं."

परत येताना गाडीतूनच वेबसाइटवाल्याला फोन केला. तो म्हणाला, मळका काढून नवा करतो, कुणाला कळणारही नाही. मी म्हणालो, कळू दे. खाली एक ओळ टाक, की लेखकाच्या भावानं सांगितल्यावरून दुरुस्ती केली, सदरा नवा होता आणि या भेटीसाठी मुद्दाम शिवलेला होता.

ओळ पडली आणि वाद पुन्हा उभा राहिला. काहींना नवा सदरा जास्त बोचला. एकाला वाटलं, ही ओळ लेखाचा परिणाम वाढवायला मुद्दाम मागाहून जोडली. टेंभुर्णीच्या बाईंनी नुसतं लिहिलं, "हो, माझेही वडील इस्त्रीचा घालून यायचे." प्राध्यापक दिवसभर काही बोलले नाहीत. संध्याकाळी त्यांनी वासराच्या फोटोखाली लिहिलं, "आपणच का ते?"

"व्हय सर."

मी दुकान बंद करायचं सोडून मोबाइलकडं बघत उभा होतो. शेवटी त्यांचं आलं. "मी आपल्याला लेख कळला नाही असं म्हणालो. फार ओशाळल्यासारखं झालं आहे. आपण क्षमा करावी."

भावाला टाइप करायला वेळ लागतो. त्याचं उत्तर मी शटर ओढून कुलूप लावल्यावर आलं. "असू द्या सर. तुमी बरुबर वाचला हुता. लिवनाऱ्यानंच चुकीचं लिवलं हुतं."

त्या गृहस्थांनी माझ्या लेखात जे शोधलं होतं, ते त्यात असेलही. वाकळ उंबऱ्याबाहेर घेतली हे त्यांनी बरोबर पकडलं होतं, माझ्या ते लक्षातही नव्हतं. टाळ्या मिळवतोय म्हणणाऱ्याचंही थोडं खरं होतं. मला त्यांच्यापैकी कुणालाच आता खोडून काढावंसं वाटत नाही. त्यांच्याकडं माझे सहाशे-सातशे शब्द होते, आणि त्यातला एक मी खोटा घातला होता.

मी त्यानंतर काही लिहिलेलं नाही. भाऊ मात्र दर रविवारी तिथं असतो. गेल्या महिन्यात एका शिक्षिकेनं आपल्या सासूवर लिहिलं होतं, त्यावर त्याचा आणि प्राध्यापकांचा दोन दिवस वाद चालला. सुनेची तक्रार आहे की मोटर चालू करून मामंजी बांधावर मोबाइल घेऊन बसतात आणि पाणी दुसऱ्या सरीत जातं. मंगळवारी त्याचा मला फोन आला.

"त्या बाईचं वाचलंस का? सर म्हनत्यात, ती सासूवर चिडलीया. मला तसं वाटत न्हाय."

"मी नाही वाचलं अजून."

"मग वाच आन् सांग," तो म्हणाला. "घाई न्हाय. पन नीट वाच."