कोट घालून झाल्यावर

व्हर्ना टॉल्फ्सन इथं अमेरिकेत आमच्या समोर राहते. निम्मं आयुष्य तिनं शाळेच्या स्वयंपाकघरात काढलं आणि पन्नाशी उलटल्यावर एके दिवशी कॉफी पिता पिता मला म्हणाली, "शालन, मी लाइफ कोच होणार आहे."

"म्हणजे काय करणार?"

"लोकांना प्रश्न विचारणार."

"ते तर तू आताही करतेसच की!"

ती हसली, पण मग जरा थांबून म्हणाली, "पोरं ताट पुढे करतात ना, तेव्हा त्यांच्या तोंडाकडे बघून कळतं, घरी काय चाललंय ते. पण मागे रांग असते. विचारायला वेळच नसतो. मला एकदा रांग नसलेलं काम करून बघायचंय."

तिचं हे बोलणं माझ्या मनात बरेच दिवस राहिलं.

तिनं घरबसल्या अभ्यासक्रम पुरा केला आणि हार्डवेअरच्या दुकानावरची खोली घेतली. समोरासमोर दोन खुर्च्या, एक कुंडी आणि भिंतीवर पाटी – 'मोठं स्वप्न बघा!' पहिला आला तो ऑर्विल नेस. गावातली कागदाची गिरणी बंद पडली तेव्हा घरी बसलेल्यांपैकी तो एक. पाटी बघून म्हणाला, "व्हर्ना, मला आपलं मध्यम मापाचं दाखव."

गिरणीतल्या या लोकांसाठी नवं मदत केंद्र निघालं होतं आणि तिथं कोचची जागा होती. केंद्रवाले म्हणाले, तळ्यावरचं बर्फ वितळेपर्यंत तुमच्यासाठी थांबतो, पण प्रमाणपत्र हवं. त्यासाठी एका भेटीचं ध्वनिमुद्रण परीक्षकबाईंकडे पाठवायचं होतं. शाळेतली नोकरी तर ती सोडून बसलेली. ऑर्विल म्हणाला, "माझं पाठव. माझी पोरं तुझ्या हातचं खाऊन जगली, मीही जगेन."

आता आमच्या या उत्तर मिनेसोटातल्या माणसाचं बोलणं कसं, तर नातू झाला, भला थोरला मासा गळाला लागला, तरी म्हणणार, "फार वाईट नाही." आनंदाला त्याच्या पुढचा शब्द नाही. वादळात छप्पर उडालं, तर "याहून वाईट झालं असतं." ऑर्विलनं अख्खी भेट यावरच काढली. मग दोन्ही मांड्यांवर थाप मारली, "बरं, निघायला हवं," म्हणाला आणि उठला. व्हर्नानं ध्वनिमुद्रण बंद केलं, त्याला पोचवायला खाली गेली आणि गाडीचं दार अर्धं उघडून तो बोलायला लागला. आमच्याकडे असंच असतं. मांडीवर थाप पडली की निरोप सुरू होतो, संपत नाही. दारात बोलणं, पायरीवर बोलणं, मग गाडीपाशी.

तो काय बोलला ते मी व्हर्नाला विचारलं नाही. म्हणजे विचारलं, तिनं सांगितलं नाही. पुढे चर्चच्या जेवणाला ऑर्विलनंच मला सांगितलं, तेही कोट घालून झाल्यावर. गिरणी बंद झाली तरी तो पाळीच्या वेळेला उठतो, फाटकासमोर गाडी लावून बसतो आणि उजाडलं की घरी येतो. बायकोला वाटतं, मित्रांबरोबर कॉफी पितोय.

परीक्षकबाई, कॅमिला ऑर्टेगा, ॲरिझोनाच्या. त्यांनी व्हर्नाला नापास केलं. कळवलं, तुम्ही समोरच्या माणसाला गप्प बसूच देत नाही. मला राग आला, पण व्हर्ना म्हणाली, "खरंय त्यांचं. कोणी गप्प झालं की मला वाटतं, याच्या ताटात काही वाढायचं राहिलं."

"मग गाडीपाशीच ध्वनिमुद्रण कर की."

"केलं. यंत्र बघितलं आणि 'फार वाईट नाही' म्हणून गाडी चालू केली त्यानं."

शेवटची संधी म्हणून बाई स्वतः येणार होत्या. जवळच्या डलूथ शहरात त्यांची काही परिषद होती. तळ्यावरचं बर्फ कडेनं काळं पडायला लागलं होतं.

मला आपलं कुतूहल, माणसं निघतानाच का बोलत असावीत? देवळात दर्शन गाभाऱ्यात होतं, पण निघताना आपण पायरीवर टेकतो ना, माझं देवाशी खरं बोलणं तिथंच होत आलंय. आत मागायला जातो म्हणून शब्द अडत असतील. निघताना कोणी मागत नाही.

हे मी व्हर्नाला सांगितलं. ती कॉफीचा कप घेऊन दारात जाऊन उभी राहिली.

भेट तिच्या स्वयंपाकघरात ठरली. संध्याकाळी मी खिडकीत. समोरचं दार उघडलं आणि बाईंना सांगणारा व्हर्नाचा आवाज आला, "नाही हो, अजून संपलं नाही. कोट घाला."

तिघं बाहेर आली. बाईंचा कोट ॲरिझोनाच्या उन्हातला, पातळ. मी शाल घेऊन धावले. शाल निमित्त होती, मला बघायचं होतं. ऑर्विलचा हात गाडीच्या दारावर. व्हर्नानं दोन्ही हात खिशात घातले आणि ती गप्प उभी राहिली. एरवी ती अशी राहणं शक्य नाही. ऑर्विलनं बर्फात टाच रुतवली, आभाळाकडे बघितलं. शाल बाईंच्या खांद्यावर टाकून मी मागे फिरले. त्याचं पहिलं वाक्य निघालं तेव्हा मी रस्ता ओलांडत होते. कान मागे होते, खोटं कशाला बोलू, पण थांबले नाही.

ऑर्विल गेला. बाई आपल्या गाडीपाशी आल्या, किल्ली हातात, आणि तिथंच थांबल्या. मग त्याच बोलायला लागल्या. व्हर्नाचे हात तसेच खिशात. मी देवापुढे दिवा लावला, हात जोडले, व्हर्नाचं नाव घेतलं आणि परत खिडकीत आले, तरी दोघी तिथंच. बाई माझ्या शालीनं नाक पुसत होत्या.

निकाल येईपर्यंत मी काही विचारलं नाही. एक दिवस टपाल घेऊन येताना व्हर्ना रस्त्यापलीकडून ओरडली, "शालन! फार वाईट नाही!"

मी तशीच चपला न घालता बाहेर पळाले.

शाल ॲरिझोनाला गेली ती गेलीच. केंद्रात व्हर्नाला आतली खोली मिळाली, गालिचा वगैरे. पहिल्याच दिवशी तिनं ऑर्विलला हाताशी घेतलं आणि दोन्ही खुर्च्या बाहेरच्या दारापाशी हलवल्या, कोट अडकवायच्या खुंट्यांखाली.