कुत्रं चावलेल्यांचे नाना

नानांच्या टेबलावर कोऱ्या कागदांचा गठ्ठा, दोन पेनं आणि साबणाची एक लाल वडी असायची. कोर्टातली कारकुनी संपवून निवृत्त झाल्यावर ते आमच्या गावच्या नगरपालिकेच्या फाटकाबाहेर, लिंबाखाली बसून लोकांचे अर्ज लिहायचे. कुत्रं चावलं म्हणून कुणी आलं की पेनाला हात लावायच्या आधी विचारायचे, "साबणानं धुतलं का?" समोरचा खाली मान घालून म्हणायचा, "तिखट भरलंय, नाना." मग नाना खवळलेच म्हणून समजा! "जखमंला फोडणी देऊन राह्यला का? ऊठ, त्या नळावर बराबर पंधरा मिनिटं धू. मंग जल्दी सरकारी दवाखान्यात जाऊन सुई घे. केसपेपर घेऊन ये, मंग अर्ज."

गंमत अशी की हा माणूस स्वतः कुत्र्यांना भलताच भ्यायचा. पिल्लू आडवं आलं तरी पलीकडच्या बाजूने जायचा. आम्ही हसलो की म्हणायचे, "भ्यायला कायद्यानं बंदी हाय का?"

त्या कायद्याची मात्र त्यांना बिलकुल भीती नव्हती. पाळलेलं कुत्रं चावलं तर मालकाला जाब विचारायचा. मोकाट असेल तर पालिकेला, कारण त्यांचा बंदोबस्त करणं हे तिचं काम. अर्जात कुणी 'कृपा करून मदत द्यावी' असं लिहायला सांगितलं की ते पेन खाली ठेवत. "कृपा कशाची? आपण हक्काचं मागून राह्यलो."

माझी आई जालन्याच्या एमआयडीसीत बियाणं निवडायला जाते. एका सकाळी टेम्पो गाठायला निघाली आणि गल्लीतल्या मोकाट कुत्र्याने, खंड्याने, तिची पोटरी फाडली. पाच इंजेक्शनं, टाके, तीन आठवडे घरी. कामावर गेलं तरच पगार, त्यामुळे तीन आठवड्यांचा पगार बुडाला. नानांनी अर्ज लिहून दिला. चौकशीला पालिकेचा माणूस आला तेव्हा आईने त्याला चहा दिला आणि वर कौतुकाने सांगितलं, "शेवटची भाकर म्या रोज त्यालाच घालते, तरी मेल्यानं मलाच धरलं." आमच्याकडे शेवटची भाकर कुत्र्याची, हे कुणी मुद्दाम शिकवत नाही. त्या माणसाने चहा संपवला आणि लिहून नेलं: कुत्रे अर्जदाराने पाळलेले आहे, सबब भरपाई देता येत नाही. झालं! चावून घ्यायचं आम्ही आणि मालकही आम्हीच. माझं डोकंच फिरलं. तरी पालिकेतल्या साहेबांपुढची सुनावणी अजून बाकी होती.

आम्ही नानांकडे गेलो तेव्हा सोबत आलेल्या शेजारच्या काकू म्हणाल्या, "सुनावणीत सांगा, कधी भाकर घातलीच न्हाई म्हणून." नानांनी आईला हात जोडले. "वहिनी, खोटं बोलू नका. घातली तर घातली म्हणा." आणि दुसऱ्या दिवशी ते चक्क आमच्या गल्लीत आले. मी पुढे, नाना माझ्या पाठीआड, आणि खंड्या शेपूट हलवत त्यांच्या मागे! अशी आमची वरात बायकांना सुनावणीला या म्हणत घरोघर फिरली.

सुनावणीला आईसकट गल्लीतल्या नऊ बायका हजर. साहेबांनी विचारलं, "कुत्र्याला भाकर कोण घालतं?"

"मी," आई म्हणाली.

"मीबी."

"मी तर दुधात कुस्करून घालते!"

"तुझी शिळी असती गं, माझी गरम असती."

साहेबांनी टेबल बडवलं. नाना शांतपणे उठले. "साहेब, नऊ मालकिणी झाल्या. दहावे तुम्ही. ऑफिसच्या पायरीवरच्या कुत्र्याला रोज बिस्किट तुम्हीच घालता ना? उद्या ते चावलं तर भरपाई तुमच्या घरून न्यायची का? भाकर घालणं ही दया झाली, साहेब. तिच्यावर दंड लावू नका."

आधी शिपाई हसला, मग साहेबांनाही हसू आवरेना.

महिन्याने आदेश आला. उपचाराचा खर्च आणि बुडालेला पगार, दोन्ही मंजूर. आईने तो कागद माझ्याकडून तीनदा वाचून घेतला. "मला वाटल्तं, आपल्याच माथी मारत्यात," म्हणाली आणि पदराने डोळे पुसले.

पुढे नाना मुलाकडे लातूरला राहायला निघाले. स्टँडवर आईने धपाट्यांचा डबा दिला आणि हळूच सांगितलं, "नाना, आमच्या कारखान्याशेजारी गोदाम हाय. तिथलं राखणीचं कुत्रं माझ्यासंगं काम करणाऱ्या सुनीताला चावल्तं. मालक म्हणला, होईल बरं. म्या म्हणलं, साखळी तुमची, कुत्रं तुमचं, मंग खर्चा बी तुमचा. लेखी द्या."

"मंग?"

"दिलं की लिहून!"

नाना इतके हसले की बेल मारायला निघालेला कंडक्टरही थांबला. गाडी सुटल्यावर खिडकीतून डोकं काढून ओरडले, "वहिनी, आता मी रिकामा झालो!"

दिवाळीआधी नाना गेल्याचा फोन आला. मला फार रडू आलं. माझ्या आईचं म्हणणं साहेबासमोर मांडणारा पहिला माणूस होता तो.

लिंबाखाली आता कुणी बसत नाही. नानांना विचारत आलेल्यांना समोरचा चहावाला आमच्या घरी पाठवतो. आई त्यांना बसायला सतरंजी टाकते, सगळं नीट ऐकून घेते आणि आत मला हाक मारते, "कागद घे गं."