रायफलीवरचं कुंकू

काल मुलानं क्रिकेटच्या बॅटला जवसाचं तेल चोळलं आणि त्या वासानं मी थेट अमेरिकेतल्या, अर्विंगच्या आमच्या जुन्या गॅरेजमध्ये जाऊन उभी राहिले. नव्वदच्या दशकातली गोष्ट. शेजारच्या जोनच्या वारलेल्या नवऱ्याची लिव्हर ओढून गोळी भरायची रायफल आमच्या ह्यांनी हौसेनं दुरुस्तीला घेतली होती. घासून, हेच जवसाचं तेल पाजून तिचा लाकडी दस्ता असा काही उजळला होता म्हणून सांगू!

दसऱ्याच्या सकाळी हेच आतून ओरडले, "अगं, रायफलीलाही हळदकुंकू लाव, शस्त्रच आहे ते!" मी लावलं. पण तेल अजून वाळलं नव्हतं. कुंकू लाकडात मुरलं, पुसता पुसेना.

संध्याकाळी जोन न्यायला आली. नवऱ्याची तेवढीच एक वस्तू तिच्याकडे उरली होती. त्या लाल डागावर तिनं बोट ठेवलं. हे घाईघाईनं इंग्रजीत म्हणाले, "माझी बायको खेड्यातली आहे, तिला काही कळत नाही."

मी ह्यांच्याकडे पाहिलं, तर ह्यांनी नजर चुकवली. जोननं मात्र मलाच विचारलं, "हे तुम्ही कशासाठी लावता?" सांगण्यासारखं कितीतरी होतं हो. पण मी मान खाली घालून "सॉरी" म्हणाले.

डागाचं आता काही वाटत नाही. तिनं विचारलं आणि मी सांगितलं नाही, त्याची लाज अजून जात नाही.