ताईंची मोजणी

आमच्या शाळेच्या बसवर दोन माणसं कामाला. मी बस चालवतो आणि ताई मुलं सांभाळतात. मुलं त्यांना मावशी म्हणतात. मी ताई म्हणतो, कारण त्यांचा धाकटा भाऊ शाळेत माझ्या वर्गात होता. त्याच्याबद्दल पुढे सांगतो. सांगायला फार आवडतं असं नाही.

प्रत्येक थांब्यावर मुलं उतरली की ताई सीटांच्या पाठीवर थापा मारत मागपर्यंत जातात, डोकी मोजतात आणि ओरडतात, "उरले चौदा!" मी "चौदा" म्हटल्याशिवाय दार लावायचं नाही, हा त्यांचा नियम. सुरुवातीला मला राग यायचा. कान आहेत की मला, पोपटासारखं परत कशाला म्हणायचं? "तोंडाने म्हटलं की लक्षात राहतं," ताई म्हणाल्या. अकरा वर्षं झाली, मी पोपट आहे.

बसायचा क्रमही त्यांनीच लावलेला. ज्याचं घर लांब, तो मागे. त्यामुळे शेवटच्या थांब्यावरचा सातवीतला मुलगा अगदी मागच्या रांगेत, आठवीतल्या तिघांच्या शेजारी. ते तिघे त्याच्या आधीच्या थांब्यावर उतरायचे. त्यांच्या पुढाऱ्याची मान लांब, म्हणून त्याला जिराफ म्हणत. सातवीतला मुलगा हळू बोलणारा, हात नाचवत गोष्टी सांगणारा. छळायला पोरांना तेवढं पुरतं.

एके दिवशी त्याने चिठ्ठी आणली. यापुढे तो बेकरीपाशी उतरून आत्याकडे जाईल, खाली आईची सही. थांबा अलीकडे आला, तशी क्रमाप्रमाणे त्याची जागाही मागच्या रांगेतून पुढे सरकली. बेकरी त्याच्या घराच्या तीन थांबे अलीकडे. म्हणजे जिराफाची टोळी उतरली की बस रिकामी, पुढे जायलाच नको. रोजची पंधरा मिनिटं वाचायला लागली. त्या आत्याला मी मनातल्या मनात किती वेळा धन्यवाद दिले असतील!

तीन आठवड्यांनी परतताना आम्हाला तोच मुलगा दिसला. नेहमीची पायवाट खणून ठेवली होती, म्हणून मोठ्या रस्त्याच्या कडेने घराकडे चालला होता. ट्रक त्याला घासून जात होते. मी करकचून ब्रेक मारला.

"आत्या कुठे राहते रे तुझी?" ताईंनी विचारलं.

"मला आत्याच नाही, मावशी." सहीही त्यानेच केली होती. "मला मागे बसायचं नव्हतं. ते म्हणतात, तुला मुलगे आवडतात. रोज नवीन नाव ठेवतात." मग बुटांकडे बघत म्हणाला, "मी शाळाच सोडणार आहे."

दुसऱ्या दिवशी शाळेत सांगणं, आईवडिलांना कळवणं, सगळं रीतसर झालं. ताईंनी त्याला पुढे आपल्या शेजारी, माझ्या पाठीमागच्या सीटवर बसवलं. आम्हाला वाटलं, सुटला प्रश्न. पोर गेलं आगीतून फुफाट्यात. तिसऱ्या दिवशी एका थांब्यावर मागून हाळी आली, "ड्रायव्हरची बायको!" अख्खी बस खिदळली.

मी एकेकाच्या कानाखाली जाळ काढायला उठलो. ताईंनी माझी बाही धरली. "तुला राग कशाचा आला? पोराला छळतात याचा, की तुझं नाव जोडलं याचा?"

मी खाली बसलो. बेकरी आली तसा मुलगा दप्तर घेऊन दाराशी उभा राहिला. ताईंनी उतरू दिलं नाही, पण असं किती दिवस अडवणार?

"चूक माझीच," त्या मला नंतर म्हणाल्या. "छळणारे मागे ऐसपैस, आणि शिक्षा झाल्यासारखा हा पुढे."

दुसऱ्या दिवशी त्यांनी मुलाला मागे त्याच्या जुन्या जागेवर नेलं आणि स्वतः त्याच्या आणि जिराफाच्या मध्ये बसल्या. मी आरशातून बघत होतो.

"हं, जिराफ. हा कसा आहे म्हणतोस?"

"तसला आहे, मावशी."

"तसला म्हणजे? नीट सांग, माझं शिक्षण कमी."

"म्हणजे... मुलगे आवडतात तसला."

"बरं. मग?"

"मग काय?"

"तेच विचारते. तुझा डबा खातो?"

"नाही."

"मग?"

जिराफाची मान आखूड झाली.

"तो तसा आहे की नाही ते त्याचं त्याला कळेल, कळेल तेव्हा. तुला कसली घाई? माझा भाऊ आहे तसा. चष्म्याचं दुकान आहे त्याचं. सोळा वर्षं जोडीदाराबरोबर संसार करतोय, आणि भांडतात कशावरून, तर पंखा मोठा ठेवायचा की बारीक." पोरं हसली. मी हसलो नाही. "पण शाळेच्या बसमध्ये त्याला कोणी बसू द्यायचं नाही. सीटवर दप्तर ठेवायचे. शेवटी तो चालत जायला लागला. मला वाटायचं, चालायची हौस आहे. नववीत त्याने शाळा सोडली तेव्हा कळलं."

"कोणाचं दप्तर?" जिराफाने विचारलं.

"होतं कोणाचंतरी," ताई म्हणाल्या. आरशाकडे त्यांनी पाहिलंही नाही. अकरा वर्षं या बाईने मला आपल्या डब्यातलं अर्धं वाढलं होतं, आणि तिला पहिल्या दिवसापासून माहीत होतं.

मी बस कडेला घेतली, इंजिन बंद केलं आणि मागे वळलो. "माझं," मी म्हणालो. "दप्तर माझं होतं."

मला इतकी लाज आयुष्यात वाटली नव्हती.

"काका, तुम्ही सॉरी म्हणालात?" जिराफाने विचारलं.

"नाही."

"किती वर्षं झाली?"

"एकतीस."

"बाप रे!" तो म्हणाला, आणि शेजारी ठेवलेलं आपलं दप्तर त्याने मांडीवर घेतलं.

रविवारी मी ताईंच्या भावाकडे गेलो. पाठ केलेलं भाषण दारातच विसरलो. "चुकलं माझं," एवढंच निघालं. त्याने चष्म्यावरून मला एकदा बघून घेतलं. मग आत जोडीदाराला म्हणाला, "एक चहा वाढव रे. याला यायला एकतीस वर्षं लागली, आणि म्हणे बस चालवतो."

जिराफ काही एका दिवसात संत झाला नाही. ताई अजून मागेच बसतात. पण सोमवारी बेकरी आली आणि मुलगा जागेवरून उठला नाही. पुढे जिराफाची टोळी उतरली. ताई सीटांवर थापा मारत मागपर्यंत गेल्या.

"उरला एक!"

"एक," मी म्हणालो, आणि दार लावून बस शेवटच्या थांब्याकडे काढली.