गडगा सरळ दिसतो का?

किस्से आपोआप साठत जातात, हे मला गावी येऊन राहिल्यावर कळलं. पावसाळ्याआधी पडवीत लाकूडफाटा रचतात ना, तसे. रोज एखादं लाकूड टाकलं जातं, लक्ष कोणाचंच नसतं. मग एक दिवस पुण्याहून ऑफिसचे मित्र येतात, आई मच्छी तळायला घेते आणि कोणीतरी विचारतं, "काय रे मंगेश, तिकडे खेड्यात टाइमपास काय करतोस?" की सगळा ढीग अंगावर कोसळतो!

टाइमपास एकच. गेम. मी सॉफ्टवेअरवाला. दिवसभर कंपनीसाठी कॉम्प्युटरसमोर बसतो आणि काम संपलं की स्वतःसाठी त्याच कॉम्प्युटरसमोर बसतो. महाडजवळच्या नाते गावाच्या पुढे आमची वाडी. तिथे धड नेट आलं आणि मी पुण्याची खोली सोडली. "आईवडिलांजवळ राहायचंय" हे कंपनीला सांगितलेलं कारण. तेही खोटं नाही म्हणा. पण आणखी एक कारण शेजारी राहतं. निल्या, माझा चुलतभाऊ. महाडच्या एमआयडीसीत शिफ्टला जातो आणि गेममध्ये नेम असा की काय सांगू!

*

आईचा नियम साधा आहे. माझ्या कानावर हेडफोन म्हणजे मिटिंग. मग घरात मिक्सर लागत नाही, कोंबड्या परसात हाकलल्या जातात आणि आलेल्या माणसाला ओटीवरच थोपवलं जातं. हेडफोन गेमलाही लागतो, हे तिला सांगायची मला कधी गरज वाटली नाही.

एकदा वरच्या आळीतले सीतारामतात्या आले. आई म्हणाली, "हळू बोला. मिटिंग चालली हाय."

तेवढ्यात मी आतून बोंबललो, "मागनं आला! मागनं आला! उडव त्याला! सोडू नको!"

तात्या हादरलेच. "काय गो वैनी, सायबाशी असा बोलतो हा?"

आई शांतपणे म्हणाली, "सायब लय वायट हाय त्याचा. पोरानं सोसायचं तरी किती?"

*

आता निल्या शेजारी राहतो, तर आम्ही एकाच खोलीत बसून का खेळत नाही? तर मधे गडगा आहे.

गडगा म्हणजे नुसतं दगडावर दगड रचून केलेलं कुंपण. आप्पा, म्हणजे माझे वडील, आणि निल्याचे वडील, म्हणजे माझे काका, हे सख्खे भाऊ. मी कॉलेजात असताना दोघांचं हद्दीवरून वाजलं. काका तेव्हा मुंबईची नोकरी संपवून नुकतेच गावी आले होते. त्यांनी माझ्या कॉलेजच्या एका सुट्टीत गडगा घातला, आणि घातला तो असा की हद्दीवरचा फणस त्यांच्या बाजूला गेला. फांद्या मात्र आमच्या अंगणात! तेव्हापासून दोघं बोलत नाहीत. फणस पिकून आमच्याकडे पडतो. आप्पा त्याला हात लावू देत नाहीत, काका मागायला येत नाहीत. पंचक्रोशीत इतका मान कुठल्या फणसाला नसेल.

एकमेकांच्या घरी जायची आम्हा पोरांना बंदी. म्हणून मी माझ्या खोलीत, निल्या त्याच्या खोलीत. दोन्ही खिडक्या समोरासमोर. मी तोंडाने बोललेलं नेटवरून कुठल्यातरी परदेशातल्या सर्व्हरवर जातं, तिथून उलटं फिरून गडग्यापलीकडे येतं.

एकदा निल्यावर हल्ला झाला. मी ओरडलो, "खाली बस!" तो बसला, उठला, आणि परत बसला. तेवढ्यात मेला.

"दादा, एकदाच सांगत जा ना रे!" तो खिडकीतून ओरडला. "पहिला खिडकीतनं ऐकू येतं नि मग हेडफोनातनं. मला वाटलं दुसऱ्यांदा बसायला सांगतोस!"

*

मारामारीचा कंटाळा आला की आमचा दुसरा गेम. त्यात ठोकळ्यांनी काहीही बांधता येतं. लोक राजवाडे बांधतात, आम्ही आमची वाडी बांधायला घेतली. देऊळ, विहीर, वरची आळी, सगळं. फोटो वाडीच्या ग्रुपवर टाकला आणि मुंबईकरांचे फोन सुरू झाले.

परळचे भाऊदादा गणपतीला तेवढे येतात, एरवी घर बंद. त्यांनी फोटो मोठा करून बघितला. "अरे मंगेश, माझ्या घराचा दरवाजा उघडा कसा? कोन घुसला म्हनजे? कुलूप लाव पयला!"

लावलं. काय बिघडतं आपलं?

दुसऱ्या दिवशी परत फोन. "लावलंस का रे?"

"लावलं, भाऊदादा."

"बरा केलास. आनि चावी कोनाकडं ठेवलीस?"

*

आप्पांना जरा कमी ऐकू येतं, पण दिसतं चोख. एक दिवस ते माझ्या खुर्चीमागे येऊन उभे राहिले. बराच वेळ स्क्रीनकडे बघून म्हणाले, "गडगा... गडगा कुठं हाय?"

"नाही घातला, आप्पा. गेममध्ये कशाला?"

"घाल."

घातला. संध्याकाळी निल्याचा मेसेज : "दादा, बाबा म्हणतात गडगा तुमच्या बाजूला थोडा सरकव, फणसाची मुळं मोकळी राहू दे." त्याने सरकवला. सकाळी आप्पांनी तो चहाच्या आधी बघितला. मी परत आणला. काकांनी परत ढकलला. आठवडाभर मी आणि निल्या दुसरं काही बांधलंच नाही. खरा गडगा इतकी वर्षं जागचा हलला नव्हता, हा रोज फिरायला जाऊन येत होता!

शेवटी मी जेवायला उठलो की आप्पा स्वतःच राखणीला बसायला लागले. एकदा भाताचा घास तोंडात असताना हाक आली, "दगड उचलायचं बटान कुठलं रं? नि ठेवायचं?"

मी सांगितलं. पलीकडे निल्यालाही त्याच दिवशी काकांकडून हाच प्रश्न आला होता.

*

त्या गेममध्ये राक्षस असतात. जवळ येऊन फुटतात आणि असेल ते उडवतात. असा एक फुटला तो नेमका गडग्यापाशी.

आप्पांनी भगदाड बघितलं. "कोणी केलं?"

"राक्षसाने, आप्पा."

"राक्षस नको सांगू. नाव सांग."

*

आता आमच्या देवयानी मॅडम. पुण्यात बसतात, माझ्या मॅनेजर, शिस्तीच्या कडक. परदेशी क्लायंटला डेमो द्यायचा होता, त्याआधी मी त्यांना एकदा दाखवणार होतो. स्क्रीन शेअर केली. बिलांचा तक्ता दिसायच्या ऐवजी मॅडमना दिसली आमची वाडी. विहिरीवर एक गाय उभी.

"मंगेश, हे कुठलं मॉड्यूल?"

तेवढ्यात मागून आप्पा कॅमेऱ्यात शिरले. "कोण, पुण्याच्या मॅडम काय? त्यांना इचार, गडगा सरळ दिसतो का?"

मी माऊस शोधत होतो, तो सापडेना. मॅडमनी स्क्रीनकडे वाकून बघितलं. मग चष्मा वर करून आप्पांना म्हणाल्या, "काका, डावीकडे कललाय थोडा. शेजाऱ्यांनी तुमच्यातलं घेतलंय."

आप्पा माझ्या खुर्चीवर थाप मारून वळले आणि थेट अंगणात गेले. गडग्याकडे तोंड करून, कोणाचं नाव न घेता, सगळ्या आळीला ऐकू जाईल असं म्हणाले, "पुण्याच्या मॅडमनी बघितलाय! त्यांना काय कोणाची पडलीय? वाकडा तो वाकडाच!"

पलीकडून काकांनीही कोणाचं नाव न घेता उत्तर दिलं, "इंटरनेटवर सब झूट असतं!"

मॅडम लाइनवरच होत्या. म्हणाल्या, "हे मिटलं की बिलं दाखव."

*

इथपर्यंत सगळी मजाच होती. मग निल्याचं लग्न ठरलं. मुलगी दासगावची, दोघांचं आधीपासून जमलेलं, घरच्यांनाही पसंत. लग्न दारात, मांडव घालून. आणि तिथेच अडलं.

मांडवाची मेढ, म्हणजे पहिला खांब, घरातल्या सगळ्यात मोठ्या माणसाने रोवायची, ही आमच्याकडची रीत. घरात मोठे म्हणजे आप्पा. आप्पा म्हणाले, "बोलावलं तर जाईन." काका म्हणाले, "घरचंच लग्न हाय. घरच्याला काय बोलवायचं? टेन्शन घेऊ नको, येतील ते." दोघंही आपापल्या जागी बरोबर, आणि दोघंही आपापल्या जागेवरून हलायला तयार नाहीत. आई आणि काकी विहिरीवर भेटून रडल्या, पण त्याने मेढ रोवली जात नाही.

त्यात जागेची पंचाईत. गडग्यामुळे काकांचं अंगण निरुंद. मी आणि निल्याने आमच्या ठोकळ्यांच्या वाडीत मांडव घालून बघितला. उभा घातला, आडवा घातला, कुठूनही घातला तरी खांब गडग्यात जायचा. निल्या त्या दिवशी एकदाही हसला नाही. एरवी हा पोरगा मेला तरी हसतो.

"दादा," शेवटी तो म्हणाला, "आप्पांनी मेढ नाय रोवली तर मी दारात लग्न नाय करायचा. महाडला हॉल घेतो. लोकांनी यावं, जेवावं, जावं."

मला फार वाईट वाटलं. लहानपणी आम्ही दोघं त्या अंगणात एकाच घोंगडीवर झोपायचो. मी काहीतरी विनोद करायला गेलो, तो जमला नाही.

रविवारी सकाळी आप्पांनी मला गॅसची टाकी आणायला महाडला पाठवलं. टाकी अजून निम्मी भरलेली होती, पण आप्पांशी वाद कोण घालणार? निल्या पहिल्या शिफ्टला गेलेला.

दुपारी घरी आलो. हात धुऊन सहज कॉम्प्युटर बघितला, तर गेम चालू. वाडी समोर. आणि मधला गडगा नाही! राक्षसाने उडवला असता तर दगड कुठेही पडले असते. हे दगड फणसाच्या बुंध्याभोवती गोल रचलेले होते, छान पार बांधल्यासारखे. आणि त्या मोकळ्या जागेत, आमच्या ओटीपासून काकांच्या ओटीपर्यंत, एकच लांबलचक मांडव.

निल्याला फोन लावला. तो नुकता गेटबाहेर पडत होता. "मी नाय रे! मोबाइल पन गेटवर जमा असतो. सकाळपासून कॉम्प्युटर बघितला नाय मी!"

स्वयंपाकघरात गेलो. "आई, माझ्या खोलीत कोण होतं?"

आई भाकरी थापत होती. "तुझे आप्पा. कानावर ता हेडफोन लावून, आवाज मोठा करून बसलेले. मिटिंग असंल म्हणून मी तात्यांना पन ओटीवरच बसवला."

"बोलत होते?"

"बोलत कसले, भांडत होते. ह्यो दगड घे, तो नको घेव, खांब तिरका जातोय. नि ते यंत्र बिघडलंय बघ तुझं. पयला काकांच्या खिडकीतनं आवाज यायचा, 'दादा, जरा डावीकडं घे', नि मग त्याच्यातनं परत तसाच, 'दादा, जरा डावीकडं घे'." तिने भाकरी तव्यावर टाकली. "लय वर्सांनी दादा म्हनाला."

मी खोलीत परत आलो, तर आप्पा दारात उभे. पायाला लाल माती, हातात पहार. माझ्याकडे न बघता स्क्रीनकडे बघत होते.

"मंगेश, त्या पुण्याच्या मॅडमना फोन लाव."

"आज रविवार आहे, आप्पा. कशाला?"

"मांडव सरळ दिसतो का इचार. उद्या मेढ रोवायची हाय."