बोर्ड रिसेट होतो आणि सुधाकर बोलतो

मंगळवारी दुपारी सुधाकरची आई दुकानात आली. थैलीतून त्याची ती प्लास्टिकची पेटी काढून काउंटरवर ठेवली आणि म्हणाली, "डुकरं आता भेत नाई याले. आवाज बदलून दे."

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी... सुधाकर माझा पॉलिटेक्निकचा मित्र. गडचिरोलीतलं हे रिपेअरिंगचं दुकान आम्ही दोघांनी मिळून टाकलं. यंदा पावसाळ्यात तापाचं निमित्त झालं आणि माणूस गेला. त्याच्या खुर्चीवर मी अजून कुणाला बसू देत नाही.

आमच्याकडे धान लोंबीवर आलं की रात्रभर जागल करावी लागते. मचाणावर बसून ओरडायचं, डबे बडवायचे, नाहीतर रानडुकरं धानाची अख्खी बांधी, म्हणजे बांध घातलेला शेताचा तुकडा, साफ करतात. सुधाकरने मागच्या हंगामात घरच्या वावरासाठी ही पेटी केली... समोर काही हललं की ती ओरडायची.

आणि कुणाच्या आवाजात? साहेबांच्या स्वतःच्या! "जाय नं बा घरी... माय वाट पाहून राह्यली तुही!" मी हसून हसून बेजार झाले होते. तर म्हणे, डुकराला शिव्या देऊन काही होत नाही, समजावून सांगावं लागतं.

काम तसं किरकोळ होतं. पेटी लॅपटॉपला लावायची, नव्या आवाजाचा प्रोग्राम चढवायचा, झालं. मी केबल लावली, अपलोड दाबलं... आणि पेटी बोलली.

"जाय नं बा घरी..."

मी दचकून मागे सरकले. चालू झाली की आधी एकदा बोलून दाखवायची, ही सवय त्यानेच तिला लावून ठेवली होती. हे मी पार विसरले होते.

स्क्रीनवर एरर. मी केबल बदलली, ड्रायव्हर पुन्हा टाकला, स्पीड कमी केला... आपण सगळे करतो ते सगळं केलं. दर वेळी अपलोड फेल, आणि दर वेळी सुधाकर बोलायचा.

मग डोकं लावलं. प्रोग्राम चढवताना लॅपटॉप पेटीतल्या बोर्डाला दोन सिग्नल पाठवतो, RTS आणि DTR. एकाने बोर्ड रिसेट होतो. दुसरा त्याच क्षणी बूटची पिन खाली दाबून धरतो, म्हणजे बोर्ड जुनं काम सुरू न करता नव्या प्रोग्रामची वाट बघत गप्प बसतो. इथे पहिला सिग्नल पोचत होता, दुसरा नाही. म्हणून बोर्ड उठायचा आणि आपलं जुनंच पालुपद सुरू करायचा.

दुसऱ्या सिग्नलचा ट्रान्झिस्टर उडालेला असणार. अशा वेळी बूटचं बटण हाताने दाबायचं असतं... पण बटण होतं कुठे? ग्लू गन हातात आली की या गाढवाला थांबायचं कळायचंच नाही! मुंग्या शिरू नयेत म्हणून बटण, स्पीकर, वायरी, सगळं ग्लूखाली गाडून टाकलेलं. मी त्याला मोठ्याने शिव्या घातल्या आणि ब्लेडने खरवडायला बसले.

खरं सांगू? स्पीकरची वायर कापता आली असती. कापली नाही... मलाही ऐकायचं होतं. सुधाकरच्या आईला मी मावशी म्हणते; ती समोरच बसून होती. वाटलं, पोराचा आवाज ऐकून तिलाही बरं वाटत असेल.

थोडा ग्लू निघाला. मी पुन्हा अपलोड दाबलं, पुन्हा तेच... आणि मावशीने माझा हात धरला.

"आता नको वाजवू, पोरी... डुकरं तं भेतेत अजून. खोटंच सांगतलं तुले."

ती खाली मान घालून बोलत होती. "रोज रात्री वावरातून हा आवाज येते. मले मालूम हाय, पेटी हाय म्हणून. तरी उठते, आन दार खोलून पाह्यते."

इतका वेळ मी तिच्यासमोर बसून हेच वाजवत होते.

आधी स्पीकरची वायर तोडली. मग बूटची पिन मोकळी झाल्यावर वायरच्या तुकड्याने ती ग्राउंडला टेकवून धरली, अपलोडआधी नुसतं कनेक्ट करून पाहिलं... बोर्ड लॅपटॉपला लागला. एरव्ही असा बोर्ड लागला की मी टाळी वाजवते. त्या दिवशी नुसतं रडू आलं.

नवा प्रोग्राम चढला की जुना आवाज पुसला जाणार होता. मी विचारलं, "मावशी, कॉपी करून ठेवू?" तिने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं.

"ठेव. पण तुह्याजवळ ठेव... माह्या जीवाले झेपन तवा मांगीन."

आतलं सगळं आधी लॅपटॉपमध्ये उतरवून घेतलं. मग पेटीत डबा बडवल्याचा आवाज टाकला आणि स्पीकर परत जोडला. मावशीने ऐकला, मान हलवली आणि मार्कंड्याच्या बसने गावाकडे निघून गेली.

काल फोन केला. म्हणाली, डबा मस्त वाजते, डुकरं बांधापासूनच पळतात. मला हायसं वाटलं. विचारलं, "आता झोप लागते ना, मावशी?"

"नाई वं," ती म्हणाली. "त्याचा आवाजच नाई आला... म्हणून उठून दार खोललं."



शनिवारी दुकान बंद राहील. मी मावशीकडे राहायला जातेय. रात्री ती दार उघडायला उठलीच, तर सोबत कुणीतरी असावं.